पहिले घर आणि लांबलेला ताबा

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्या वाडवडिलांनी म्हणून ठेवले आहे. त्या काळी घर बांधणारा स्वतः दगडविटांच्या राशीजवळ उभा राहत असे. काम कोठे आणि का अडले, हे त्याच्या डोळ्यांसमोर असे. आज बेळगावसारख्या शहरात नोकरदार माणूस प्रथम पैसे देतो आणि घर दोन-तीन वर्षांनी त्याच्या हाती येते. मधल्या काळात काय चालले आहे, हे त्यास नीटसे कळत नाही. आपल्या न्यासाच्या सभासदांपैकी अनेक कुटुंबांस पहिले घर घेताना हा अनुभव येतो. म्हणून या महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने विलंब का होतो, तो कोठे सोसावा व कोठे सोसू नये, याचा थोडा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

विलंबाचे तीन प्रकार

पहिला विलंब कागदांचा. जमीन मूळची शेतीची असल्यास बिगरशेतीचा हुकूम झाला आहे काय, नकाशा मंजूर आहे काय, महानगरपालिकेतील खाते विकणाऱ्याच्या नावे चढले आहे काय, मिळकतीवर कर्जाचा बोजा आहे काय, हे सारे पाहावेच लागते. वडिलोपार्जित मिळकतीत एखादी बहीण पुण्यास, तर एखादा भाऊ आखातात असतो. त्यांच्या सह्या मिळेपर्यंत महिने जातात. हा विलंब त्रासाचा खरा, परंतु हिताचा आहे. ‘सही मागाहून घेऊ’ असे म्हणून जो व्यवहार उरकतो, त्यास पुढे तीच सही कोर्टाच्या पायऱ्यांवर शोधावी लागते. येथे धीर धरावा.

दुसरा विलंब बँकेचा. पगाराचे दाखले, मिळकतीचे मूल्यमापन, वकिलाचे मत यांत काही आठवडे सहज जातात. यावर उपाय संचकारपत्रातच करून ठेवावा. उरलेली रक्कम देण्यास पुरेशी मुदत मागावी, आणि कर्ज नामंजूर झाल्यास संचकाराची रक्कम परत मिळेल, असे कलम घालून घ्यावे. हे कलम नसल्यास बँकेच्या दिरंगाईचा भुर्दंड आपल्या माथी बसतो.

तिसरा विलंब बांधकामाचा, आणि खरा जाच याचाच. आपल्याकडचा पावसाळा, वाळूची टंचाई, सणासुदीस गावी गेलेले मजूर ही कारणे खोटी नसतात. परंतु वर्षानुवर्षे काम रखडते, तेव्हा मूळ कारण बहुधा पैशाचे असते. एका इमारतीसाठी घेतलेले पैसे दुसऱ्या जमिनीत गुंतविले जातात आणि पहिली इमारत सांगाड्यावर उभी राहते.

या विलंबाची किंमत किती, हे साध्या हिशेबाने कळेल. समजा, बँकेने २० लाख रुपये बांधकाम करणाऱ्यास दिले आहेत आणि व्याजाचा दर शेकडा ९ आहे. महिन्याचे नुसते व्याज १५,००० रुपये झाले. राहत्या घराचे भाडे ८,००० रुपये धरल्यास महिन्यास २३,००० आणि वर्षास २ लाख ७६ हजार रुपये होतात. ताबा एक वर्ष लांबला की मध्यम पगाराच्या कुटुंबातून एवढी रक्कम निघून जाते. मुलीचे शिक्षण किंवा म्हाताऱ्या आईची शस्त्रक्रिया यातच अडते.

करार करताना

२०१६ साली संसदेने स्थावर संपदा कायदा केला. लोक त्यास ‘रेरा’ म्हणतात. या कायद्यातील काही गोष्टी प्रत्येक घर घेणाऱ्याने पाठ कराव्यात. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या शेकडा १० हून अधिक रक्कम घेता येत नाही. ताब्याची तारीख करारात लिहिलेली असावी लागते. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी शेकडा ७० रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवून ती त्याच कामाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करावी लागते. प्रकल्पाची नोंदणी आणि कामाची तिमाही प्रगती रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते.

मात्र जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल, किंवा घरे आठांहून अधिक नसतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्या गल्ल्यांतून उभ्या राहणाऱ्या लहान इमारती पुष्कळदा याच मापाच्या असतात. तेथे आपला आधार म्हणजे आपला करारच. त्यात ताब्याची तारीख, उशीर झाल्यास दरमहा भरपाई आणि कामाच्या टप्प्यानुसार हप्ते, या तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जोत्याचे पैसे जोते झाल्यावर, स्लॅबचे पैसे स्लॅब पडल्यावर द्यावेत. पैसा कामाच्या पुढे धावू लागला की आपल्या शब्दास वजन राहत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. येथे मसुदे बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असतात. घरातील ज्या वडीलधाऱ्यांच्या पैशाने घर होते, त्यांस कित्येकदा या दोन्ही भाषांतील कायद्याचा मजकूर वाचता येत नाही. सही करण्यापूर्वी तो ओळीने वाचून मराठीत समजावून घ्यावा. यात कमीपणा नाही आणि दुसऱ्यावरचा अविश्वासही नाही.

आमच्या मुस्लिम बांधवांपैकी अनेकजण व्याज नको म्हणून बँकेच्या वाटेस जात नाहीत. शिल्लक, दागिने आणि भिशी यांवर घर घेतात. त्यांनी एक ध्यानात ठेवावे. कर्ज देणारी बँक आपल्या हितासाठी का होईना, कागद तपासते. कर्ज नसेल तेथे ही तपासणी कोणीच करीत नाही. म्हणून अशा कुटुंबाने स्वतःचा वकील नेमून कागद तपासून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

मुदत टळल्यावर

मुदत टळली की प्रथम लेखी पत्र द्यावे. तोंडी आश्वासनास तारीख नसते. पत्राची पोच, पैशांच्या पावत्या आणि दर महिन्यास काढलेले कामाचे छायाचित्र एका फाइलीत ठेवावे. युद्ध, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीत कायदा मुदतवाढ देतो. २०२० च्या टाळेबंदीतही नोंदणीकृत प्रकल्पांस सहा महिने वाढवून देण्याची सूचना केंद्र सरकारने केली होती. अशा विलंबात समजूत दाखवावी.

परंतु एरवी रेरा कायद्याच्या १८ व्या कलमाने ग्राहकापुढे दोन वाटा आहेत. व्यवहार सोडून सारे पैसे व्याजासह परत मागता येतात. किंवा घर हवेच असेल तर ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याचे व्याज मागता येते. कर्नाटकात या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या सीमांत खर्चावर आधारित सर्वोच्च कर्जदराहून शेकडा २ अधिक धरतात. हाच न्याय आपल्यासही लागू आहे: आपण हप्ता थकविला तर आपल्यालाही व्याज द्यावे लागते. नोंदणी नसलेल्या लहान इमारतीच्या बाबतीत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतचे व्यवहार चालतात. तक्रार मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी.

आणि चावी हाती आली म्हणजे ताबा आला, असे समजू नये. भोगवट्याचा दाखला मागावा. तो नसलेल्या घरात पाण्याच्या नळापासून पुढील विक्रीपर्यंत अडचणी निघतात. कंटाळलेला माणूस येथेच फसतो.

घरातील माणसे

आमच्या परिचयाच्या एका शिक्षक कुटुंबाने ताब्याच्या तारखेवर भिस्त ठेवून जूनमध्येच मुलाचे नाव नव्या घराजवळच्या शाळेत घातले. ताबा पुढच्या दिवाळीनंतर मिळाला. तोवर आठ-नऊ वर्षांचे ते पोर रोज दोन बसगाड्या बदलून शाळेस जात होते, आणि घरात नवरा-बायकोत रोज शब्दाला शब्द लागत होता. इमारत कोणाची रखडली होती आणि भांडत कोण होते!

म्हणून करारातील तारखेपुढे आणखी एक वर्ष गृहीत धरून संसाराची आखणी करावी. भाड्याचे घर ताबा मिळेपर्यंत सोडू नये. लग्नाची तिथी, शाळेचा प्रवेश, निवृत्तीनंतरचा मुक्काम यांपैकी काहीही ताब्याच्या दिवसाशी बांधू नये. सहा महिन्यांचे भाडे व हप्ता वेगळा काढून ठेवावा. कोठे काय अडले आहे, हे घरातील बायकामुलांपासून लपवू नये. माहीत असलेली अडचण माणसे एकत्र बसून सोसतात.

शेवटी न्यासापुढे एक सूचना नम्रपणे मांडतो. आपल्यांत निवृत्त कारकून आहेत, वकील आहेत, उत्तम कन्नड जाणणारी तरुण मुले-मुली आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास बसून घर घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाचे कागद त्यांनी वाचून द्यावेत. यास निधी लागत नाही. एका कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी वाचली, तरी न्यासाच्या आजवरच्या कार्यात ती मोलाची भर ठरेल.