पडत्या भावाची हमी

मायक्रोसॉफ्टचा २००० सालचा वार्षिक हिशेब वाचताना एका ओळीवर अडलो. ‘पुट वॉरंट’ विकून कंपनीने त्या वर्षी ४७ कोटी २० लाख डॉलर मिळवले होते. पुट विकणे म्हणजे भाव कितीही उतरला तरी ठरल्या दराने माल घेऊ, असा शब्द देणे आणि त्या शब्दाचे पैसे आधीच घेणे. इथे माल म्हणजे कंपनीचाच शेअर. ज्याचा भाव पडणार, तोच हमीदार! हे कोडं डोक्यात घेऊन नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर गेलो. भाव पडण्याची भीती तिथे उन्हात पसरलेली दिसते.

लिलाव झाला की ओली लाल मिरची पथारीवर येते, पसरतात, सुकवतात. माझी नजर खिळली ती देठ खुडणाऱ्या एका बाईवर. नाका-तोंडाला पदर घट्ट, बोटं लालभडक, हात थांबतच नव्हते. ‘आग होते का?’ विचारलं. ‘रात्री होते. पोराला जवळ घेता येत नाही,’ ती म्हणाली.

‘शंभर किलो ओल्यातून पंचवीस-तीस किलो सुकी,’ व्यापारी सांगत होता. बाकी पाणी, आणि त्याचेही पैसे मोजून झालेले. शंभरातले पंचवीस-तीस हाती यायच्या आत त्याने ओळखीच्या शेतकऱ्यांना पुढच्या तोड्याचा भाव तोंडी देऊन टाकला होता. अवकाळी पाऊस आला तर पथारीवरचा माल कुजणार आणि शब्द पाळायला पैसा त्याच आठवड्यात लागणार.

मायक्रोसॉफ्टवर तो पाऊस आला. जून २००० मध्ये ७० ते ७८ डॉलरच्या हमीची सुमारे १५.७ कोटी वॉरंटं बाकी होती. डिसेंबरअखेर शेअर ४३ डॉलरच्या आसपास उतरला. गाठीला रोकड मुबलक, म्हणून कंपनीला ते झेपलं. तेजीत हमी विकून आलेला पैसा फुकटचा वाटतो. मंदीत मात्र शेअर, नफा आणि पत एकदम घसरतात, आणि देणी नेमकी तेव्हाच दारात उभी राहतात. आपल्याकडे बाजार नियामक सेबीच्या २०१८ च्या बायबॅक नियमांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला खासगी सौद्याने स्वतःचे शेअर परत घेता येत नाहीत, म्हणजे अशी हमी विकण्याची वाटच बंद. ही आडकाठी मला रास्त वाटते.

‘पाऊस आला तरी शब्द पाळाल?’ मी व्यापाऱ्याला विचारलं.

‘पाळावाच लागेल, भाऊ. नाहीतर पुढच्या हंगामात माझ्याकडे मिरची कोण आणेल?’

‘आणि या बायांची रोजी?’

‘माल गेला तर काम कुठलं?’