जुनें एंजिन खोलतांना

आपल्या नगरच्या रणगाडा संग्रहालयांत (स्थापना १९९४) दुसऱ्या महायुद्धांतील ‘श्विमवागन’ ही पाण्यांतही चालणारी जर्मन मोटार आहे. या जातीच्या मोटारींचें ११३१ घन सेंटिमीटरचें एंजिन पाण्यानें नव्हे, तर पंख्याच्या वाऱ्यानें थंड होत असे.

असें जुनें एंजिन खोलून पुन्हां जुळवावयाचें असल्यास घाई करूं नये. प्रथम पुली मागेंपुढें ढकलून क्रँकशाफ्ट किती सरकतो तें मोजावें; कवच उघडल्यावर तें कळत नाहीं. तेलांत धातूचा चुरा आढळल्यास बेअरिंगें झिजल्याचा संशय घ्यावा. सिलिंडरांवर क्रमांक घालून ते एकेक उतरवावे. त्यांवरील पातळ पात्यांत चिखल साचला असल्यास वारा अडतो आणि तापून हेडास चिरा पडतात. हीं कारणें न शोधतां नवे भाग बसविल्यास तेही लवकरच वायां जातात. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों, आधीं पाहावें, मग खोलावें.