रुमालापलीकडचा धूर

फेब्रुवारी २०१८. नारेगावच्या कचरा डेपोच्या वाटेवर गावकरी ठाण मांडून बसले आणि औरंगाबादच्या कचऱ्याच्या गाड्या माघारी फिरल्या. शहराने वर्षानुवर्षे ज्यांच्या दारात आपली घाण ओतली, त्यांची सहनशक्ती संपली होती. गाड्या मग मिटमिट्याकडे वळल्या, आणि ७ मार्चला तिथे दगडफेक, जाळपोळ झाली.

गल्लोगल्ली ढीग साचले. रात्री कुणीतरी काडी ओढायचे. पहाटे भाजीचे देठ आणि प्लास्टिकच्या पिशव्या एकत्र धुमसत असायच्या. ज्वाळा नाही, नुसता करपट, जड धूर. फिरायला निघालेली वडीलधारी मंडळी नाकाला रुमाल लावून ढिगाला वळसा घालत. बोलणे व्हायचे वासाचे, डासांचे, फार तर दम्याचे. मेंदूचे नाव निघत नव्हते.

ते निघायला हवे होते. २०१६ मध्ये शास्त्रज्ञ बार्बरा माहेर यांच्या चमूला मृतांच्या मेंदूत मॅग्नेटाइटचे गोलसर कण सापडले होते, ज्वलनात तयार होतात तसे. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने कॅनडातल्या ओंटारिओतील ५५ ते ८५ वयाच्या सुमारे २२ लाख लोकांचा अभ्यास छापला: मोठ्या रस्त्यापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका ३०० मीटरपलीकडच्यांपेक्षा ७ टक्के अधिक. वास ओळखणारी नस नाकातून थेट मेंदूत जाते. फुफ्फुसातून रक्तात उतरणारी वाट वेगळीच. केसाच्या तिसाव्या हिश्शाएवढा कण रुमालाच्या विणीत अडकत नाही.

२०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात औरंगाबादही आले. पण यशाचे माप ठरले प्रामुख्याने पीएम १०, म्हणजे जाड धूळ. मेंदूला भिडणारा बारीक कण, पीएम २.५, मागे राहिला, आणि ही चूक छोटी नाही. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने हवेच्या प्रदूषणाला स्मृतिभ्रंशाच्या टाळता येणाऱ्या कारणांत बसवले. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले: पीएम २.५ दर घनमीटरला १० मायक्रोग्रॅमने वाढला की धोका सुमारे १७ टक्क्यांनी वाढतो. पीएम २.५ची भारतातली वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची ५.

एखाद्या घरातल्या आजोबांचा विसर धुरानेच आला, असे यावरून म्हणता येत नाही. पण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटवण्याचे दिवस सरले. रस्त्यावरचे ते ढीग उचलले गेले, जालना रोडची वाहने मात्र रोज धूर सोडतात. सिग्नलला थांबलेल्या रिक्षात पदर नाकाशी धरून बसलेल्या आजी आजही दिसतात.