ससाण्यांची हजेरी

हजेरी म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो! पण जगात असा एक डोंगर आहे, जिथे माणसं दर शरद ऋतूत हौसेने हजेरी घेतात, तीही आकाशातल्या शिकारी पक्ष्यांची.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला हा हॉक माउंटन. पूर्वी लोक तिथे बंदुका घेऊन बसायचे आणि दक्षिणेकडे निघालेले ससाणे, गरुड धडाधड पाडायचे. १९३४ साली रोझली एज या बाईंनी ती जागा भाड्याने घेऊन शिकार बंद पाडली. त्यांनी नेमलेले राखणदार मॉरिस ब्रून पहारा देता देता पक्षी मोजू लागले. दुसऱ्या महायुद्धातला खंड सोडला, तर ती मोजणी आजही चालू आहे.

पण डोंगरच का? आमच्या सिरसाळ्याकडे 'थर्मल' म्हणजे परळीचं वीज केंद्र! पक्ष्यांचं थर्मल वेगळं. उन्हाने जमीन तापली की गरम हवेचा खांब वर चढतो. पक्षी त्यात गिरक्या घेत फुकटात उंची गाठतो आणि पंख न हलवता पुढच्या खांबाकडे घसरत जातो. शिवाय वारा डोंगरावर आपटून वर वळतो, त्याचीही लिफ्ट मिळते. म्हणून पक्षी डोंगररांगेची वाट धरतात. गिरक्या चालू असताना मोजलं तर गोंधळ होतो. रांगेने बाहेर पडताना मोजायचं. एखाद-दुसरा सुटतोच. पण जागा, वेळ आणि पद्धत दरवर्षी तीच ठेवली, तर वर्षावर्षांची तुलना करता येते.

याचा उपयोग काय? ऐका. १९३५ ते ३९ मध्ये ब्रून यांना दिसलेल्या टकल्या गरुडांपैकी सुमारे ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते ५९ मध्ये फक्त २० टक्के! म्हणजे म्हातारे उडत होते, पण नवीन पिढीच येत नव्हती. रेचल कार्सन यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये डी.डी.टी.विरुद्ध जो पुरावा मांडला, त्यात हे आकडेही होते. १९७२ साली अमेरिकेने शेतीतलं डी.डी.टी. बंद केलं. आज ते गरुड पुन्हा भरपूर आहेत.

आता आपल्याकडे या. मराठवाड्यातही थंडीत पाहुणे येतात. भोवत्या हा सडपातळ शिकारी पक्षी कझाकस्तानसारख्या देशांतून दख्खनच्या माळरानांवर उतरतो आणि शेतातले टोळ, नाकतोडे फस्त करतो. त्याला मोजायला डोंगर चढायची गरज नाही. दिवसभर पांगलेले भोवते संध्याकाळी एकाच गवताळ माळावर, जमिनीवर झोपायला जमतात. चौघांनी चार दिशा वाटून घ्यायच्या, सूर्यास्ताच्या आधी एक तास गप्प बसायचं आणि आत येणारा प्रत्येक पक्षी लिहायचा. पाखरं उठवायची नाहीत, बस्स.

घाई एवढ्यासाठी, की आपण माळाला 'पडीक' म्हणतो. पडीक म्हटलं की नांगर घाला, प्लॉट पाडा, नाहीतर सोलर पॅनेल उभे करा, कुणी विचारत नाही. जिथे हजेरीच घेतली नाही, तिथे गैरहजर कोण हे कसं कळणार?

तर मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलात, की एक संध्याकाळ माळावर बसा. तारीख, वेळ, आकडा वहीत टिपा. शून्य आलं तरी लिहा, शून्य हाही डेटाच असतो! आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच जागी बसा.