रंग उडाला म्हणून थेंब वाढवू नका

अकरावीच्या प्रॅक्टिकलला दरवर्षी कुणीतरी राणी रंगाचा फ्लास्क उंच धरून विचारतं, "सर, मस्त आला ना रंग?" रंग मस्त आला, रीडिंग वाया गेलं. ऑक्झॅलिक आम्लात ब्युरेटमधून कॉस्टिक सोडा थेंबाथेंबाने सोडायचा आणि फिनॉल्फथॅलिनची जेमतेम दिसेल अशी गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की तोटी बंद करायची. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवतात तो त्या छटेसाठीच. रंग गडद झाला म्हणजे सोडा जास्त पडला. काही मिनिटांनी छटा उडाली तरी पुन्हा थेंब टाकत बसू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, म्हणून ती उडते. इंडिकेटरही दोन-तीन थेंबच पुरे. तो स्वतः सौम्य आम्ल आहे, जास्त ओतला तर तोही सोडा खातो.

हे झाले हाताचे दोष, सवयीने सुटतात. डोक्यातला एक गैरसमज मात्र फार हट्टी आहे: सामू कळला म्हणजे आम्ल किती आहे तेही कळलं.

०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो, तेवढ्याच तीव्रतेच्या अॅसेटिक आम्लाचा सुमारे २.९. मग अॅसेटिक आम्लाला सोडा कमी लागेल, असं वर्गातली निम्मी मुलं सांगतात. प्रत्यक्षात दोन्हींच्या २५ मिलीला ०.१ मोलर सोडा २५ मिलीच लागतो. अॅसेटिक आम्लाच्या शंभरातल्या एखाद-दुसऱ्या रेणूनेच हायड्रोजन आयन मोकळा सोडलेला असतो, बाकीचे दबा धरून बसलेले असतात. मोकळे आयन सोड्याने संपवले की हे पुढे येतात.

शहापूरच्या मुलांना हे समजवायला मला फार कष्ट पडत नाहीत. तानसा आणि भातसा इथल्याच तालुक्यात, पाणी जातं मुंबईला आणि उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर. धरण उशाला, कोरड घशाला. धरणातला साठा वेगळा आणि हंड्यात पडणारी धार वेगळी, हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. सामू म्हणजे धार, टायट्रेशनने मोजतो तो साठा.

दुसरी समजूत, आम्ल आणि अल्कली बरोबरीने संपले की सामू ७ येतो आणि इंडिकेटर तिथेच रंग बदलतो. प्रबळ आम्ल आणि प्रबळ अल्कली असतील तर ७ येतो, तोही २५ अंश तापमानाला. ६० अंशांना शुद्ध पाण्याचाच सामू साडेसहाच्या आसपास असतो. अॅसेटिक आम्ल आणि सोड्याची बरोबरी होते ८.७ च्या सुमारास. फिनॉल्फथॅलिन ८.३ ते १० च्या दरम्यान रंग बदलतं, म्हणून ते तिथे चालतं. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्येच तांबड्याचं पिवळं होऊन मोकळं होतं, आणि तेव्हा एक तृतीयांश आम्लही संपलेलं नसतं. आपल्या घरची हळदही सात ओळखत नाही. लिंबाच्या रसात पिवळी, साध्या पाण्यात पिवळी, चुना लागला की लाल. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर बनतं.

मुरबाडच्या बाजूला घरोघरी गाई-म्हशी आहेत, म्हणून दुधाचं उदाहरण जरा सविस्तर देतो. १० मिली ताज्या दुधात फिनॉल्फथॅलिन टाकून ०.१ मोलर सोडा सोडला तर दीड मिलीच्या आसपास लागतो. त्यावरून आम्लता निघते ०.१३५ टक्के, 'लॅक्टिक आम्ल' या नावाने. आकडा बघून दूध आंबायला लागलं असं वाटतं. पण ताज्या दुधात लॅक्टिक आम्ल जवळजवळ नसतंच. हा सोडा केसीन, फॉस्फेट आणि सायट्रेट यांनी घेतलेला असतो. हेच दुधाचं बफर. जंतूंनी थोडं आम्ल तयार केलं तरी ते पचवतं, त्यामुळे ६.६ ते ६.८ असलेला सामू सुरुवातीला फारसा हलत नाही. टायट्रेशनचा आकडा मात्र वाढायला लागतो. आणि आकडा कमी आला म्हणजे दूध चोख, असंही नाही. उतरायला लागलेल्या दुधात कुणी खाण्याचा सोडा टाकला तर आम्लता छान कमी दिसते! म्हणून रोझोलिक आम्लाची वेगळी चाचणी करतात. सोडा असेल तर दूध गुलाबी-लाल होतं.

बफर सामू अजिबात हलू देत नाही, हाही भ्रमच. त्याची ताकद संपली की सामू धाडकन बदलतो. आणि ती ताकद प्रत्येकाची निराळी. डोंगरउतारावरची मुरमाड वरकस आणि चिकण मातीचं खाचर, दोन्हींचा सामू ५.५ असला तरी तो साडेसहावर न्यायला खाचराला चुना कितीतरी जास्त लागेल. तो किती, हे नुसत्या सामूवरून कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत माती बफर द्रावणात ढवळतात आणि तिने त्याचा सामू किती खाली ओढला ते बघतात.

भाताच्या खाचराची तर आणखी गंमत आहे. पाणी साचून हवा कोंडली की मातीतल्या लोहाच्या बदलात आम्ल खर्च होतं आणि काही आठवड्यांत सामू आपसूक साडेसहा-सातकडे सरकतो. मे महिन्यात कोरड्या मातीवर काढलेला आकडा ऑगस्टच्या चिखलाला लागू पडत नाही. तेव्हा मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू ५.५ दिसला म्हणून लगेच चुन्याच्या गोण्या आणू नका. आधी सहायक कृषी अधिकाऱ्याला सांगा, जमीन वरकस आहे की खाचर, आणि चुन्याची गरज वेगळी काढून मागा.