पेशीचा अर्धवट रीसेट

मागच्या भागानंतर आपल्या अकोले तालुक्यातूनच प्रश्न आला: "दादा, आजीचे गुडघे परत तरुण होतील का?"

2006 मध्ये जपानच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या पेशींत चार जनुकं घालून त्या पार मूळ अवस्थेला नेल्या. म्हणजे फॅक्टरी रीसेटच: वय पुसलं, पण त्वचेची पेशी आपण त्वचेची आहोत हेही विसरली! जिवंत शरीरात असं झालं तर गाठी होतात.

2022 मध्ये केंब्रिजजवळच्या बाब्राहम इन्स्टिट्यूटने माणसाच्या त्वचेच्या पेशींत हा साधारण 50 दिवसांचा रीसेट 13 दिवसांत थांबवला. पेशी पुन्हा त्वचेच्याच झाल्या, पण मोजमापांत सुमारे 30 वर्षांनी तरुण. भारीच, पण प्रयोगशाळेतल्या बशीत. गुडघ्यात नाही. आजीला कुणी 'पेशी तरुण करणारं' इंजेक्शन विकत असेल, तर सध्या पाकीट खिशातच ठेवा.