सूर्यास्तापूर्वी मुक्काम
सागरी मार्गावरील सायकलयात्रेचे नियोजन

कार्तिकात चातुर्मास संपतो, साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो, आणि त्याच सुमारास कोकणचा किनाराही प्रवाशाला मोकळा होतो. पावसाळ्यात बंद राहिलेल्या लाँच धावू लागतात, डोंगरउतारांवरील रस्त्यांचे शेवाळ वाळते, खाड्यांचे पाणी निवळते. चार महिने एका जागी थांबण्याचा नियम ज्या काळी घातला गेला, त्या काळी सायकल नव्हती. परंतु अलिबागपासून रेडीपर्यंत सायकलीने जाऊ इच्छिणाऱ्याला तो नियम आजही तंतोतंत लागू पडतो. पावसाळ्यात हा रस्ता सायकलस्वाराचा नाही.

हिंगोलीसारख्या जिल्ह्यातून समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. येथील व्यापारी घरांचा समुद्राशी संबंध बहुधा मुंबईच्या मशीद बंदरापुरताच असतो, आणि तोही मालाच्या निमित्ताने. अशा घरातील तरुण मुलगा किंवा मुलगी ‘मला कोकणच्या किनाऱ्याने सायकलवर जायचे आहे’ असे म्हणते, तेव्हा घरात पहिला प्रश्न अंतराचा निघत नाही. दुकान सोडून इतके दिवस कसे जाणार, आणि मासळीच्या मुलखात सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे मिळणार, हे दोन प्रश्न निघतात. दोन्ही रास्त आहेत. त्यांची उत्तरे आधी शोधली तर उरलेले नियोजन जवळजवळ आपोआप होते. ती टाळून केवळ नकाशावर बोट फिरवले, तर यात्रा तिसऱ्या दिवशी मोडते.

दुकानाचा प्रश्न हंगामाचा आहे. मोंढ्यात दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची गर्दी असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हिंगोली आणि वसमतच्या बाजारात हळद येऊ लागते, आणि मग कोणालाही मान वर करण्यास सवड नसते. मधल्या काळात तूर येते. पण एक माणूस बारा-तेरा दिवस नसला तरी ती सांभाळता येते. म्हणजे डिसेंबरचा मध्य ते जानेवारीची अखेर एवढीच खिडकी उरते. त्यातूनही नाताळ ते नववर्ष हा आठवडा वगळावा. त्या दिवसांत किनाऱ्यावर खोल्या महाग आणि रस्त्यांवर मोटारी बेफाम असतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर निघणे सर्वांत सोयीचे.

आता जेवणाचा, म्हणजेच वेळेचा प्रश्न. सामान्य सायकलस्वार रोजची मजल किलोमीटरमध्ये ठरवतो: आज ऐंशी, उद्या नव्वद. रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याने उलट दिशेने हिशेब मांडावा. आधी सूर्यास्त लिहावा आणि मग मागे मागे यावे. जानेवारीच्या पूर्वार्धात कोकणात सूर्य सव्वासातच्या आत उगवतो आणि सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर दोन घटिका, ४८ मिनिटे. संध्याकाळीही सूर्यास्तापूर्वी दोन घटिका भोजन आटोपण्याची रीत अनेक घरांत आहे. हे दोन्ही पाळले तर सकाळी आठ ते सायंकाळी साडेपाच एवढेच साडेनऊ तास अन्नासाठी उरतात. साडेपाचला ताट समोर हवे असेल, तर चारच्या सुमारास मुक्कामी पोहोचलेच पाहिजे. कारण स्नान, सायकलीची साफसफाई आणि यजमानांना स्वयंपाकाला लागणारा वेळ यांत तास-दीड तास सहज जातो.

सूर्योदयाला निघालेला स्वार नवकारशीच्या वेळेपर्यंत गारव्यात आठ-दहा किलोमीटर कापतो. त्यानंतर न्याहारी. मग साडेअकरा-बारापर्यंत सायकल चालवून दुपारी विश्रांती, आणि शेवटी तास-दीड तासाची छोटी दौड. चढउताराच्या रस्त्यावर सामानासह ताशी बारा किलोमीटर धरले, तर दिवसाला ५० ते ५५ किलोमीटर होतात. मांडव्यापासून रेडीपर्यंतचा सागरी मार्ग ढोबळमानाने पाचशे किलोमीटरचा. म्हणजे दहा दिवस प्रवासाचे आणि दोन दिवस राखीव. ज्याला ही मजल अपुरी वाटते त्याने एक ध्यानात घ्यावे, की अंधार पडण्यापूर्वी रस्ता सोडणे हा व्रताचा नियम असला तरी सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचाही पहिला नियम तोच आहे. विहार करणाऱ्या साधु-साध्वींच्या अपघातांच्या बातम्या समाजाने पुष्कळ वाचल्या आहेत. अरुंद रस्त्यावर, अपुऱ्या उजेडात, मागून येणारे वाहन काय करते हे कोणाला वेगळे सांगण्याची गरज नाही. त्याच कारणास्तव मुंबई–गोवा महामार्ग शक्य तेथे टाळावा.

रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणाऱ्या सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी मांडली. ‘महामार्ग’ हा शब्द ऐकून कोणी रुंद, सपाट रस्त्याची अपेक्षा करू नये. बहुतेक ठिकाणी तो गावागावांतून, आंब्या-सुपारीच्या बागांच्या गडग्यांना खेटून जाणारा साधा रस्ता आहे. शिवाय तो सरळ नाही. सह्याद्रीतून उतरणाऱ्या प्रत्येक नदीने किनारा चिरलेला आहे. रस्ता खाडीच्या पाण्यापाशी उतरतो, पलीकडे लगेच जांभ्या दगडाच्या सड्यावर चढतो, आणि काही किलोमीटरने पुन्हा खाडीशी येतो. नकाशावर वीस किलोमीटर दिसणारे अंतर पायांना तीस वाटते, ते यामुळे.

यांपैकी चार खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. वाहने नेणाऱ्या या बोटी कोकणात जंगलजेटी या नावानेही ओळखल्या जातात. दाभोळची सेवा २००३ मध्ये सुरू झाली. सायकलीला भाडे किरकोळ पडते. खरी किंमत वेळेची असते. दाभोळला बोट चुकली आणि चिपळूणकडून वळसा घालण्याची वेळ आली, तर एक अख्खा दिवस जातो आणि त्या दिवसाचे जेवणाचे सगळे गणित कोसळते. म्हणून खाडीच्या दिवशी मजल ४५ किलोमीटरपेक्षा अधिक ठेवू नये, आणि आदल्या संध्याकाळी बोटीच्या वेळा दूरध्वनीवरून विचारून घ्याव्यात. मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याची कामे वेगवेगळ्या टप्प्यांवर असल्याने ताजी माहिती स्थानिकांकडूनच मिळते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडेच असावी. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा बहुधा वायव्येचा असतो, आणि दक्षिणेस जाणाऱ्याला तो मागून ढकलतो. या व्यवस्थेत एकच उणे: समुद्र उजव्या हाताला आणि स्वार रस्त्याच्या डाव्या कडेला, त्यामुळे दृश्य पाहण्यास थांबावे लागते. थांबावेच. काशीदचा किनारा, राजपुरीच्या पाण्यातला जंजिरा, श्रीवर्धनकडे जाताना आरावी-शेखाडीचा रस्ता, गणपतीपुळे ते रत्नागिरी या सुमारे २५ किलोमीटरांतला आरे-वारेचा उतार. ही ठिकाणे चालत्या सायकलीवरून मान वळवून पाहायची नव्हेत.

हिंगोलीहून सायकल नेण्याचा प्रश्न व्यापाऱ्याला तरी अवघड वाटू नये. रेल्वेने नेता येते. परंतु पार्सल कार्यालयात आधी चौकशी करावी लागते, आणि प्रत्येक गाडीत, प्रत्येक स्थानकावर ती चढवून घेतली जाईलच असे नाही. त्यापेक्षा ज्या ट्रान्सपोर्टने हळदीची पोती मुंबईला जातात, त्याच ट्रान्सपोर्टने चाके आणि हँडल सोडवून, पुठ्ठ्यात बांधलेली सायकल चार दिवस आधी पाठवावी. बिल्टी हाती असली की निम्मी चिंता मिटते. स्वार मागाहून जनशताब्दीने जाऊ शकतो. मशीद बंदरापासून भाऊचा धक्का जवळ आहे, आणि तेथून २०२० पासून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत वाहने चढतात. तासाभरात मुंबई मागे पडते आणि मांडव्याच्या जेटीवर पहिले पायडल मारता येते. परतीसाठी सावंतवाडी किंवा कुडाळ ही कोकण रेल्वेची स्थानके सोयीची.

अलिबागच्या पुढे चौल लागते, तेथे व्यापारी कुटुंबातील प्रवाशाने क्षणभर रेंगाळावे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून गाड्या भरून माल भडोचला जात असल्याचेही नमूद आहे. मराठवाड्याचा माल दोन हजार वर्षांपूर्वी समुद्राला पोहोचत होता. माणसे मात्र क्वचितच मजेसाठी गेली असतील.

जेवणाची तरतूद दोन प्रकारे करावी. पहिली, सोबतची शिदोरी: खाखरे, मेथीचे ठेपले, भाजके चणे, खजूर, गूळ-शेंगदाण्याची चिक्की. ही दोन वेळच्या जेवणाइतकी सदैव पिशवीत असावी आणि संपताच भरून घ्यावी. दुसरी, मुक्कामाची निवड. दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे या गावांत शुद्ध शाकाहारी घरगुती खाणावळी आहेत. तेथे आदल्या दिवशी कळवले, तर कांदा-लसूण आणि बटाटा वगळून घावन, आंबोळी, मुगाची उसळ, नारळीभात असे जेवण साडेपाचला मिळू शकते. ‘आम्ही जैन आहोत’ एवढेच सांगून भागत नाही. काय चालत नाही, हे नावानिशी सांगावे. सोलकढीत लसूण असते का, हेही विचारावे. अलिबाग, चिपळूण, रत्नागिरी येथे जैन मंदिरे आणि समाजाची घरे आहेत. पैकी चिपळूण किनाऱ्यापासून आत असल्याने अडचणीच्या वेळेपुरतेच. ओळखीतून आधी संपर्क साधला तर दर्शन आणि भोजन दोन्ही होते. मासळी बाजारांवरून मार्ग जाणारच. नाक मुरडून जाणे हे पाहुण्याला शोभत नाही. कोळी बांधवांचा तो चरितार्थ आहे आणि रस्ता चुकल्यास वाट दाखवणारेही तेच असतात.

पाण्याच्या बाबतीत मात्र अधिक काटेकोर असावे लागते, आणि नियोजनात सर्वाधिक दुर्लक्ष येथेच होते. श्वेतांबर परंपरेत उकळलेल्या पाण्याची मर्यादा हिवाळ्यात चार प्रहर, म्हणजे बारा तास मानली जाते. सकाळी उकळून घेतलेले पाणी सायंकाळपर्यंत पुरते; पण सायकलस्वाराला दिवसाला चार लिटर तरी लागते आणि ते चार किलो वजन सायकलीवर वाहावे लागते. दुपारी मुक्कामाच्या वाटेवर एखाद्या घरी पुन्हा उकळून घेणे श्रेयस्कर. घाम गाळून आलेल्या माणसाने सूर्यास्ताला चौविहाराचे पच्चक्खाण घेतले आणि दिवसभर पाणी कमी प्यायलेले असले, तर मध्यरात्री पायांत गोळे येतात. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता सकाळपासून घोट घोट पाणी घ्यावे, आणि कोकम सरबतात चिमूटभर मीठ असावे. ज्याच्या प्रकृतीला चौविहार झेपणार नाही, त्याने निघण्यापूर्वीच तिविहाराचा निर्णय करावा. मोठे व्रत घेऊन मध्येच मोडण्यापेक्षा झेपेल ते घेऊन पार पाडणे बरे. मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांनी तर वैद्यकीय सल्ल्याशिवाय हा विचारच करू नये.

वेसवीला उतरल्यावर बाणकोटवरून वेळास गाव लागते. जीवदया मानणाऱ्या कुटुंबाने हा मुक्काम चुकवू नये. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात येथील वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन ती अंडी जपण्याचे काम उभे केले. पूर्वी जी अंडी चोरीला जात, ती आता कुंपणात राखली जातात. पिल्ले बाहेर पडण्याचा काळ मुख्यतः फेब्रुवारीनंतरचा, म्हणून जानेवारीतील प्रवाशाला ती दिसण्याचा भरवसा नाही; पण कुंपण आणि राखणदार दिसतील. याच कारणासाठी पुळणीवरून सायकल हाकण्याचा मोह आवरावा. छायाचित्रात ते शोभून दिसते; वाळूखालचे खेकडे आणि घरटी मात्र छायाचित्रात येत नाहीत. खाऱ्या वाळूने सायकलीची साखळीही दोन दिवसांत गंजते. रोज सायंकाळी गोड्या पाण्याने चाके धुऊन साखळीला तेल द्यावे. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे साहित्य, हातपंप आणि ब्रेकची जादा जोडी एवढे सोबत असले की पुरे. लहान गावांत साध्या सायकलीची दुरुस्ती होते, गिअरच्या सायकलीचे सुटे भाग मिळत नाहीत.

पैशांचा अंदाज मुक्काम, भोजन, वाहतूक असा वेगवेगळा मांडून वर पंधरा टक्के राखीव धरावेत. खाड्यांच्या तळाशी मोबाइलचे जाळे नसते आणि तेथे मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. शंभराच्या आणि पन्नासाच्या नोटा जवळ असाव्यात. घरी एक कागद ठेवावा: प्रत्येक दिवसाचा मुक्काम, यजमानाचा क्रमांक, बोटीची वेळ. सायंकाळी साडेपाचला घरी एक फोन करावा. तो सहापर्यंत आला नाही तर कोणी कोणाला विचारायचे, हेही आधीच ठरवावे. आईवडिलांची परवानगी बहुधा या कागदावरच मिळते.

सराव हिंगोलीतच होतो. औंढा नागनाथ सुमारे २५ किलोमीटर. त्या बाजूचे चढउतार पायांना सवय लावतात. तेथून वसमतच्या वाटेवर शिरड शहापूर. भगवान मल्लिनाथांचे दर्शन घेऊन सूर्यास्तापूर्वी घरी परतणे, सामानासह, सलग दोन रविवार ज्याला जमले, त्याला कोकणची मजल जमेल. ज्याला अंधार झाला, त्याने आणखी दोन महिने सराव करावा किंवा यात्रा अलिबाग ते हरिहरेश्वर एवढीच, चार दिवसांची ठेवावी. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सायकलीने जगप्रवासाला निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १८ मार्च १९२८ रोजी परतले. तेही पावसाळा सरल्यावरच निघाले होते.

वेंगुर्ल्यानंतर रेडी येते, आणि त्यापलीकडे तेरेखोलच्या खाडीपार गोवा. मुक्काम शक्यतो वेंगुर्ल्यालाच ठेवावा. शेवटच्या दिवशी तेथून सकाळी निघून रेडी पाहावी आणि उजेड असतानाच सावंतवाडी गाठून सायकल पुन्हा पुठ्ठ्यात बांधावी. सुटे केलेले नट एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी हँडलला घट्ट बांधून ठेवावी. हिंगोलीला पोहोचल्यावर तीच आधी शोधावी लागते.